रंगावरून लावलेल्या दोन राशी

शेणातून गोळा केलेल्या फिलॉन्थस वंशाच्या भुंगेऱ्यांची डिश माझ्या टेबलावर आली, तेव्हा तिच्यात दोन राशी आधीच लागल्या होत्या. कुळकुळीत काळे एकीकडे, तपकिरी पंखांचे दुसरीकडे. "दोन जाती आहेत मॅडम, अगदी स्पष्ट," नवा सहकारी म्हणाला. या भुंगेऱ्यांत काही स्पष्ट दिसू लागलं की मला धास्तीच वाटते.

फिलॉन्थस हा रोव्ह बीटलच्या कुळातला एक वंश. कुळ ओळखणं सोपं. पुढचे कडक पंख आखूड, उडायचे पंख त्यांच्याखाली घड्या घालून कोंबलेले आणि मागे उघडं, लवचीक पोट. पण या एका कुळात ६०,०००हून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. सस्तन प्राणी, पक्षी आणि सरपटणारे प्राणी एकत्र केले तरी आकडा याच्या निम्म्याच्या आसपास जातो.

तपकिरी राशीतल्या काहींवर सुईचं टोक टेकवलं, तर कवच दबलं. कोषातून नुकतेच बाहेर पडलेले होते ते; कवच पुरतं कडक व्हायचं होतं, रंगही चढायचा होता. म्हणजे रंगाची साक्ष बाद. मग छातीवरच्या ढालीकडे वळलो. तिच्यावर टिंबांच्या दोन ओळी असतात आणि या वंशाच्या आयडेंटिफिकेशन कीमध्ये, म्हणजे लक्षणांचे पर्याय निवडत जातीपर्यंत नेणाऱ्या तक्त्यात, बरेचसे फाटे या टिंबांच्या संख्येवरच फुटतात. इथे सगळ्यांना चार-चार. एका महाशयांना मात्र डावीकडे चार, उजवीकडे पाच! असे नग निघतातच, म्हणून दोन्ही बाजू मोजायच्या.

उरला नराचा जननावयव. तीव्र अल्कोहोलमध्ये राहून सांधे ताठरले होते. आधी पाण्यात मुरवले, नाहीतर ओढताना पोटच तुटतं. बारीक चिमट्याने अवयव बाहेर काढायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० टक्के द्रावणात स्वच्छ करायचा आणि ग्लिसरीनच्या थेंबात हवा तसा वळवून बघायचा. कुठला अवयव कुठल्या भुंगेऱ्याचा, ही खूणगाठ क्षणभरही सुटता कामा नये. मी तर एक पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नाही.

या अवयवाच्या पॅरामिअर नावाच्या पट्टीवर आतून बारीक काळ्या खुंट्या असतात. काही नरांत त्या कडेने दोन ओळींत उभ्या होत्या, काहींत टोकाशी गर्दी करून. मधला प्रकार एकही नाही. जाती दोनच होत्या, पण दोन्ही राशींत मिसळलेल्या. सहकारी काही वेळ डिशकडे बघत राहिला. "म्हणजे आकडा बरोबर, वाटणी चूक?" "हो."

माद्या मात्र कुठल्याच बाजूला टाकता येईनात. त्यांच्या लेबलवर फक्त वंशाचं नाव घातलं. अंदाजाने जात लिहून टाकणाऱ्यांचा मला राग येतो. पुढचा माणूस त्या लेबलवर डोळे झाकून विश्वास ठेवतो.

एका जातीचा अवयव प्रकाशित चित्राशी तंतोतंत जुळला. दुसरीचा कशाशीच जुळेना. "नवी जात?" सहकाऱ्याचे डोळे चमकले. इतकं सोपं नसतं ते. एकोणिसाव्या शतकातली कित्येक वर्णनं रंग, लांबी आणि टिंबं सांगून चार ओळींत संपतात. अवयवाचं चित्रच नसतं. अशाच एका जुन्या नावाचं वर्णन आमच्या नगाला बऱ्यापैकी लागू पडत होतं. ज्या नमुन्यावर ते नाव बेतलेलं आहे, तो टाइप नमुना पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. तो ज्या संग्रहालयात आहे तिथे पत्र लिहिलं, अवयवाचं छायाचित्र मागितलं.

उत्तर लवकर आलं. टाइप नमुना एकच आहे, अवस्था उत्तम आहे आणि ती मादी आहे.

आता तो मुळात जिथे सापडला, तिथलेच नर मिळवायचे.