तीन पायऱ्यांना साडेपाच मीटर

बँकेच्या नाहीतर दवाखान्याच्या दारात रॅम्प दिसला की सोय झाली, असं आपण धरून चालतो. बरेच रॅम्प मात्र व्हीलचेअरसाठी नसतातच, दाखवण्यापुरते असतात.

हिशेब सोपा आहे: जेवढा चढ, त्याच्या किमान बारापट लांबी. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटर चढ, म्हणून रॅम्प ५.४ मीटर लांब हवा. मिस्त्री पायऱ्यांच्या कडेला उरलेल्या दीड-दोन मीटरमध्ये काँक्रीट ओतून मोकळा होतो. त्यावरून स्कूटर वर चढते. स्वतः चाकं फिरवत चढणाऱ्याची खुर्ची मात्र मागे कलते, पुढची छोटी चाकं उचलली जातात आणि ती उलटते. मागे धरणारा असला तरी उतरताना वजन आवरत नाही.

जागा कमी असेल तर रॅम्प वळवून घ्यावा. वळणावर आणि वर दारापुढे दीड बाय दीड मीटर सपाट जागा ठेवायची. उतारावर खुर्ची सांभाळत दार कोण ओढणार? रुंदी १.२ मीटर. कठडा दोन्ही बाजूंना, ७६ आणि ९० सेंटिमीटर उंचीवर दोन पाइप, मुठीत मावतील इतकेच जाड. गुळगुळीत ग्रॅनाइट नको, पावसात कुबडीचं रबर त्यावर टिकत नाही. खरबरीत फरशी स्वस्तही पडते.

एवढं करून वर लोखंडी सरकत्या गेटची पट्टी चाक अडवते, किंवा दाराचं एकच फळकं उघडं असतं. आत जायला ९० सेंटिमीटर मोकळी जागा लागते. आणि रॅम्पच्या तोंडाशी दुचाक्या, त्या तर ठरलेल्याच.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लोकांच्या वापरातल्या खासगी इमारतीही येतात. जुन्या इमारतींना नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. सुगम्यतेचे, म्हणजे सगळ्यांना सहज ये-जा करता येण्याचे, निकष नुसत्या शिफारशी ठरवणारा त्यातला नियम १५(१) सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे निकष करायला सांगितलं.

महाराष्ट्रात दाद मागायची ती पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे. तक्रारीत ‘रॅम्प गैरसोयीचा आहे’ असं मोघम लिहू नका. चढाची उंची, रॅम्पची लांबी, दाराची रुंदी असे तीन आकडे द्या. फोटो बाजूने काढा, समोरून काढलेल्या फोटोत उतार कळतच नाही.