तुम्ही विचारलंत म्हणून: आजच्यापुरती भाकर

रविवारी चर्चमधली उपासना संपली की आवारात चहा होतो आणि तिथे मला कुणीतरी हमखास बाजूला घेतं. बहुतेक बायकाच. आवाज खाली आणून विचारतात, "काकू, तुमचं वजन प्रार्थनेनं कमी झालं का हो?" गेल्या रविवारी एका मुलीनं विचारलं. तिचं लग्न ठरतंय आणि विचारताना तिचे डोळे भरून आले होते. चहाचा कप हातात धरून दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून आज नीट लिहिते.

आधी सरळ उत्तर. नुसत्या प्रार्थनेनं माझं एक किलोही उतरलं नाही. 84 चे 75 झाले ते चालण्यानं, ताट बदलल्यानं आणि वेळेवर झोपल्यानं, आणि त्याला दोन वर्षं लागली. पण प्रार्थना नसती तर तिसऱ्या आठवड्यातच मी हे सोडून दिलं असतं. त्याआधी पाच-सहा वेळा सोडलंच होतं.

माझं खाणं ताटावर बिघडलेलं नव्हतं. चारचौघांत मी अर्धीच भाकरी घ्यायचे. बिघडलं होतं ते रात्री साडेअकरानंतर. घर झोपलं की स्वयंपाकघरात यायचं, दिवा लावायचा नाही, फ्रिजच्या उजेडावर भागवायचं. चिवड्याचा स्टीलचा डबा उघडताना वाजू नये म्हणून झाकणावर ओढणी धरायची. ओट्याशी उभं राहून मुठीनं खायचं, चव कळायच्या आत दुसरी मूठ. मग डबा हलवून चिवडा वर आणायचा, म्हणजे सकाळी सुनेला कमी झालेला दिसू नये. नंतर पलंगावर पडून देवाची क्षमा मागायची आणि उद्यापासून काहीच खाणार नाही असं वचन द्यायचं. कितीतरी वर्षं हेच चाललं होतं. ज्यांना हे ओळखीचं वाटेल, त्यांनी आपण एकट्या आहोत असं समजू नये.

त्यातच एका सभेत बाहेरून आलेल्या वक्त्यानं खादाडपणा हे पाप आहे यावर तासभर संदेश दिला, आणि बोलताना समोर बसलेल्या आम्हा जाड बायकांकडे हात केला. मी त्या रात्री नेहमीपेक्षा जास्त खाल्लं. लाज वाटली की भूक मरते असं लोकांना वाटतं. माझा अनुभव अगदी उलटा आहे, आणि जे देवाचं वचन सांगतात त्यांनी हे ध्यानात घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मग तपासणीत एचबीएवनसी 6.3 आलं. मागच्या साधारण तीन महिन्यांतली साखर त्यावरून कळते. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि 6.5 ला आपण आत. माझ्या आईचा पाय शुगरनं गेला होता, त्यामुळे आकडा ऐकून हातपाय गार पडले. डॉक्टर मात्र शांतपणे म्हणाले, "ताई, तीस किलोंचा विचारच करू नका. आधी पाच-सहा किलो उतरवा, तेवढ्यानंही धोका बराच कमी होतो." आपल्या भारतीय लोकांची चरबी पोटावर साठते म्हणून त्यांनी कंबरही मोजली. बायकांची 80 सेंटीमीटरच्या आत असावी म्हणतात. माझी 101 होती.

मी काय केलं असेल? लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ, चालू होणार होता. ठरवलं, चाळीस दिवस कडक उपास. दिवसभर पाणी आणि काळा चहा, आणि रोज सकाळी वजनकाटा. उपास देवाच्या नावानं आणि डोळे काट्यावर. नवव्या दिवशी रात्री डबा पुन्हा उघडला. महिला संघातल्या एक वयस्कर ताई आहेत, त्यांच्याजवळ मी पहिल्यांदा हे सगळं बोलले, अगदी झाकणावरच्या ओढणीसकट. त्यांनी उपदेश केला नाही. एवढंच म्हणाल्या, "तू देवाकडे चाळीस दिवसांचं एकदम मागतेस. प्रभूनं आपल्याला काय मागायला शिकवलंय?"

आमची रोजची भाकर आज आम्हांला दे. प्रभू येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेतली, लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेली ओळ. त्यातला 'आज' मला त्या दुपारी ऐकू आला.

घरी येऊन बायबलमधल्या निर्गमाचा सोळावा अध्याय काढला. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवानं पाठवलेलं अन्न, मिळायचा तो रोजचा रोज, ज्याला जेवढा लागेल तेवढा. उद्याची सोय म्हणून ज्यांनी ठेवून दिला, त्यात सकाळी किडे पडले. मी हा अध्याय संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवलेला आहे. पण रात्री उभ्यानं खाणारी मी आणि उद्यापासून काहीच खाणार नाही म्हणणारी मी, दोघी उद्याचीच साठवण करत होतो हे कधी लक्षात आलं नव्हतं. एक भीतीनं पोटात साठवत होती, दुसरी नवसानं. आजचं जेवण आज बसून, दिवा लावून, आभार मानून जेवायचं हे दोघींनाही जमत नव्हतं.

तेव्हापासून माझी प्रार्थना लहान झाली. ताटावर बसले की म्हणते, प्रभू, या जेवणापुरतं सांभाळ. रात्री डब्याकडे पाय वळले तर दिवा लावते. आधी दिवा, मग डबा, एवढाच नियम. खायचंच असेल तर वाटीत घेऊन टेबलाशी बसून खाते. सुरुवातीला खाल्लंही. पण उजेडात, देवाचं नाव घेऊन, चौथी मूठ जात नाही.

बायबलमधली एलीयाची गोष्टही याच काळात जवळची झाली. जीव नकोसा झालेला तो संदेष्टा रानात झुडपाखाली पडला होता, आणि देवानं त्याला आधी झोपू दिलं. मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं. वाट लांबची आहे म्हणून. रागावणं नाही, संदेश नाही. थकलेल्या शरीराची देव अशी काळजी घेतो हे वाचून मी रडले, आणि रात्री साडेदहाला झोपायला लागले. निम्मी भूक खरं तर जागरणाची होती.

बाकीचं थोडक्यात सांगते, कारण त्यात नवीन काही नाही. दुपारी भाकरी एकच, ताटात अर्धी भाजी-कोशिंबीर, रोज एक तरी उसळ. चहातली साखर हळूहळू बंद केली. मिसळ सोडली नाही, नाशिकात राहून कशाला सोडायची? पाव एकच घेते आणि मटकी जास्त मागते. सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चाळीस मिनिटं चालते. पहिल्या महिन्यात एका फेरीत दोनदा बसावं लागायचं. चालताना मंडळीतल्या एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करते, त्यामुळे मी कशी दिसतेय हा विचार मनात येत नाही.

शरणपूर रोडवरूनच माझी जायची वाट. नवख्रिस्ती कुटुंबांना आणि गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना आसरा मिळावा म्हणून एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ही वस्ती वसवली. नावच शरणपूर. आधी नीटनेटके होऊन या, मग आत घेऊ, असं तिथे कुणाला म्हटलं नसणार.

गेल्या नाताळात माझे दोन किलो परत वाढले. करंज्या, अनारसे, केक, घरोघरी जाणं. पूर्वी मी तिथेच सगळं सोडलं असतं. या वेळी दुसऱ्या दिवशी बूट घातले आणि निघाले. लेंटमध्येही आता रविवार मोकळा ठेवते. चाळीस दिवसांत रविवार धरतच नाहीत, तो प्रभू येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस. त्या दिवशी सगळ्यांबरोबर गोडाचं जेवते आणि मनाला खात नाही.

एक मात्र बजावते. विश्वास आहे म्हणून गोळ्या बंद करू नका. थायरॉइड असेल तर तपासा. माझ्यासारखं रात्रीचं लपून खाणं हाताबाहेर गेलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. माझं एचबीएवनसी मागच्या महिन्यात 5.8 आलं. अजून उंबरठ्यावरच आहे मी.

आणि बाळा, गेल्या रविवारी विचारलंस ना, तुझ्यासाठी: लग्नाच्या तारखेपर्यंत किती उतरेल ते मला सांगता येणार नाही. उद्या सकाळी सहाला मी गोल्फ क्लबच्या गेटपाशी थांबते. पहिल्या दिवशी एकच फेरी मारू, दमलीस की बसू. येताना पाण्याची बाटली आण.