तळण आणि डबा

लहानपणी आमचा चकलीचा डबा काही केल्या भरायचा नाही. आई सोऱ्या दाबतेय, काकू झारा घेऊन कढईपाशी, आणि आम्ही चार पोरं ताटातली गरम चकली फुंकर घालून तिथल्या तिथे फस्त करतोय. शेवटी आजी उंबऱ्यापाशी पाट टाकून बसायची. नैवेद्य होईपर्यंत एकाला आत सोडायची नाही.

ही आजी मला पुढे जीवशास्त्राच्या पुस्तकात भेटली, यकृताच्या पानावर. जेवल्यावर यकृत जास्तीची साखर ग्लायकोजेन करून साठवतं, आणि रात्री पोट रिकामं असलं की तेच तोडून रक्तात सोडतं. साठवणारं विकर (पेशीतली रासायनिक कामं घडवणारं प्रथिन, म्हणजे एन्झाइम) वेगळं, तोडणारं वेगळं. दोघं एकदम कामाला लागली तर आमच्या चकल्यांसारखं व्हायचं, इंधन जळणार आणि डबा रिकामा.

त्यावर पेशीची युक्ती अशी की ती दोघांनाही फॉस्फेट चिकटवते. त्यानं तोडणारं जागं होतं आणि साठवणारं झोपतं. फॉस्फेट काढलं की उलट. निरोप एकच, कामं दोन! पाहुणे फाटकाशी दिसले की आजी नुसतं "आले गं!" म्हणायची. तेवढ्यावर आई गॅस बंद करायची आणि काकू डबे काढायची.

हे फॉस्फेटचं कोडं एडविन क्रेब्स आणि एडमंड फिशर या जीवरसायनशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात सिॲटलला सोडवलं, तेही एका गाळणकागदामुळे. जुन्या कृतीतला कागदातून गाळायचा भाग त्यांनी गाळला, तर स्नायूच्या अर्कातून जागं विकर मिळेचना. विकराला जागं करणारी साखळी कागदातल्या कॅल्शिअमनं सुरू होत होती. नोबेल मिळालं १९९२ मध्ये. (फराळ बिघडला की आमच्याकडे कागदाला नाही, पिठाच्या गिरणीला दोष देतात.)

जिवाणूंची तऱ्हा आणखी शहाणी. आयसोल्यूसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) पुरेसं झालं की ते स्वतःच जाऊन आपल्याला बनवणाऱ्या साखळीतलं पहिलं विकर अडवतं. पहिलंच, मधलं नव्हे. भाजणी दळून, उकड काढून झाल्यावर "आता पुरे" म्हणण्यात काय अर्थ आहे?

अर्थात पेशीतही थोडी गळती चालतेच. तुटकी चकली नैवेद्याला चालत नाही, म्हणून आजी ती पदराआडून आमच्या हातावर ठेवायची. आई कढईपाशी पुटपुटायची, "मोहन तर बेताचंच घातलंय, मग आज इतक्या तुटतायत कशा?"