तुम्ही विचारलंत म्हणून : चौक कुणाच्या लग्नाचा

मी अ‍ॅनिमेशन शिकवतो. विद्यार्थ्यांच्या फिल्म दाखवून झाल्या की दरवर्षी कोणीतरी मला विचारतेच, ‘यात आपली संस्कृती का दिसत नाही?’ आजवर मी वेळ मारून नेली. या खेपेस उत्तर देतो, कारण एके काळी हाच प्रश्न मी विद्यार्थ्यांना विचारत असे आणि त्यातून एका मुलीचे मी नुकसान केले.

ती डहाणूकडच्या वारली कुटुंबातली. तिला आजीवर फिल्म करायची होती. स्टोरीबोर्डमध्ये, म्हणजे फिल्मच्या चित्रमय आराखड्यात, आजी उकिडवी बसून चूल फुंकत होती, गुडघ्यावर हात टेकून उठत होती, डोक्यावर हंडा घेऊन येत होती. वारल्यांचे तारपा हे वाद्य नव्हते, गेरूची भिंत नव्हती. ‘यात वारली काय आहे?’ असे मी विचारले आणि लग्नघराच्या भिंतीवर काढतात त्या लग्नचौकाने सुरुवात कर, त्यातली पालघट देवी हलती दाखव, असा आग्रह धरला. ‘सर, चौक असा नाही काढत,’ एवढेच ती म्हणाली. परीक्षकांना काय आवडते ते मला ठाऊक आहे, असे सांगून मी तिला गप्प केले.

तिने चौक काढला. सेकंदाला 12 चित्रे या हिशेबाने चार सेकंदांची 48 चित्रे, तांदळाच्या पिठाने ओढल्यासारखी किंचित थरथरणारी पांढरी रेषा. काम देखणे झाले, गुणही मिळाले. फिल्म दाखवली त्या दिवशी तिची आजी पुढच्या रांगेत होती. पडद्यावर चौक उमटू लागताच तिने डोक्यावर पदर घेतला आणि नातीला विचारले, ‘लग्न कुणाचं?’ मुलीने मान खाली घातली. लग्नघरी सुवासिनी तो चौक लिहितात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणून देवांना बोलावते. मी मात्र कुणाचे लग्न नसताना देवीला चार सेकंदांसाठी बोलावून घेतले होते.

माझीही बाजू आहे. 1970 च्या दशकापासून वारली चित्रे कागदावर आली, विकलीही गेली. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. मग फिल्मलाच का अडवायचे? हा युक्तिवाद मला आजही खोटा वाटत नाही. पण म्हसे त्या समाजातले होते, काय काढायचे ते त्यांनी ठरवले. इथे ठरवणारा मी होतो, आणि जिला अधिकार होता तिचे एक वाक्यही मी पुरते ऐकले नाही.

शिवाय चौकाला जागा करण्यासाठी मी हंड्याचा प्रसंग ‘संथ आहे’ म्हणून वगळायला लावला. माणसाचे चालणे आम्ही जसे काढायला शिकवतो, त्यात प्रत्येक पावलाला डोके वर-खाली होते. डोक्यावर भरला हंडा असलेल्या बाईचे डोके स्थिर राहते, सगळा हेलकावा गुडघे आणि कंबर पेलतात. हे तिने कोणी न शिकवता अचूक काढले होते.

आता मी विद्यार्थ्यांना काहीच सुचवत नाही. तेही बरोबर आहे असे म्हणवत नाही. कित्येकांच्या फिल्ममधले घर कोणत्या गावातले हे मलाच ओळखता येत नाही, तरी मी बोलत नाही. हंड्याच्या प्रसंगाची 24 चित्रे अजून माझ्या कपाटात आहेत. तिने ती मागितली नाहीत आणि मीही ती द्यायला गेलेलो नाही.