70 अक्षरांत महाजनांची सभा

फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोलला छापले गेले. भाषा मराठी, लिपी रोमन. गोव्यात छापखाना 1556 सालीच पोचला होता, पण देवनागरीचे खिळे नव्हते. पुढे मोबाईल आले आणि मराठी माणूस पुन्हा रोमनकडे वळला. यात आळस होताच, पण पैशांचा हिशेबही होता.

एका एसएमएसमध्ये 140 बाइट मावतात. रोमन अक्षर 7 बिटांत बसते, म्हणून 160 अक्षरे. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 2 बाइट लागतात, म्हणून फक्त 70. त्यात काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जाते. ‘च्या’ मोजणीत चार भरतो. आता देवस्थानच्या महाजनांना, म्हणजे त्याच्या सभासदांना, पाठवायची ही सूचना पाहा: ‘रविवारी सकाळी 10 वाजता देवस्थानच्या सभागृहात महाजनांची सर्वसाधारण सभा.’ हे वाक्य पूर्णविरामासकट बरोबर 70. तारीख घातली की दुसरा एसएमएस सुरू, आणि जोड-संदेशात प्रत्येक भागात 67 चिन्हेच मिळतात. शेकडो महाजनांना पाठवायचे तर खर्च दुप्पट.

म्हणून रोमन? मुळीच नको. जत्रेचा ‘काला’ आणि ‘काळा’ रोमनमध्ये सारखेच दिसतात. शिवाय रोमन मजकुरात एक ‘₹’ आला तरी अख्खा संदेश 70 च्या मर्यादेत जातो. वर्डमधून आलेले वळणदार अवतरणचिन्हही तेच करते. देवनागरीत मात्र उलटे: ‘रु.’ तीन जागा खातो, ‘₹’ एकच.

‘पुजाऱ्यांना’मधला ऱ्य जपून टंकावा. ‘ऱ’ला हलन्त आणि ‘य’ जोडला तर तीन चिन्हे. साध्या ‘र’ने लिहिला तर मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घुसते, जागा खाते, आणि शोधताना शब्द सापडत नाही.

व्हॉट्सॲपवर ही कंजुषी लागत नाही. तिथला घोळ वेगळा: डीटीपीवाल्याकडून जुन्या फाँटमध्ये आलेली निमंत्रणपत्रिका चिकटवली की रोमन खुणांचा कचरा उमटतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावे, मग रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासावी. जुन्या फाँटमध्ये ही वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, त्यामुळे रूपांतरात ती हमखास शेजारच्या अक्षरावर जाते.

ज्येष्ठ महाजनांच्या साध्या फोनसाठी एसएमएस ठेवावाच लागतो. काही जुने फोन जोड-संदेशाचे भाग सुटे दाखवतात, म्हणून तारीख, वेळ आणि जागा पहिल्या 67 चिन्हांतच बसवावी. सभेपुढचे विषय दुसऱ्या भागात गेले तरी चालतील.