नवतपा, कूलर आणि नॅट

सोमवार, २५ मे

नवतपा लागला, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. सकाळी आठलाच गॅलरीची फरशी पायाला चटके देते आणि दुपारी नागपूरच्या बर्डीच्या बाजारातसुद्धा माणूस दिसत नाही. माझ्यासारख्या, विमानं-टँकांची छोटी प्लास्टिकची मॉडेलं बनवणाऱ्याच्या हिशोबाने वर्षातले हे सगळ्यात अवघड दिवस. तरी मला ते आवडतात. दुपारभर बाहेर पडायचं कारण नसतं आणि टेबलावरचं विमान पुढे सरकतं.

एअरब्रशला, म्हणजे रंग फवारायच्या पेनासारख्या यंत्राला, मात्र ऊन बाधतं. ॲक्रिलिक रंग कपात ओतला की सुईच्या टोकावरच सुकायला लागतो. तिथे बारीक खडा जमतो, फवारा अडखळतो आणि मग एकदम मोठा थेंब उडतो. त्याहून वाईट म्हणजे रंगाचे कण हवेतच अर्धे सुकतात आणि प्लास्टिकवर ओले न पडता भुकटी होऊन बसतात. हात फिरवला तर खरखर लागते. १/७२ च्या, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मॉडेलवर ०.१ मिलिमीटरचा कण म्हणजे खऱ्या विमानावर सात मिलिमीटरचा खडा. एवढ्याशाने सगळं प्रमाण बिघडतं, आणि प्रमाण बिघडलं की डोळ्याला लगेच प्लास्टिक दिसायला लागतं.

कूलर लावला की दुसरं दुखणं. कूलरची हवा गार असते तशी ओलीही असते. लॅकर वार्निशमधलं थिनर भराभर उडताना पृष्ठभाग आणखी गार करतं, त्यावर हवेतलं बाष्प धरतं आणि वार्निश पांढुरकं पडतं. मुंबई-कोकणातल्या मंडळींना हे जुलैत सोसावं लागतं. आपण ते कूलरच्या ताट्यांमधून मे महिन्यातच घरात आणतो. म्हणून माझा नियम ठरलेला आहे. फवारायचं ते पहाटे, कूलर बंद करून. रंगात रिटार्डरचे (सुकणं लांबवणाऱ्या द्रवाचे) थेंब, हवेचा दाब कमी, नोझल मॉडेलच्या जवळ. ऊन वर आलं की एअरब्रश धुऊन ठेवायचा आणि बाकीचा दिवस हातातल्या ब्रशचा.

तसं मोठं रंगकाम मी थंडीतच उरकून घेतो. नागपूरची डिसेंबर-जानेवारीची हवा, कोरडी आणि गार, ही या कामासाठी देणगीच आहे. आत्ता टेबलावर असलेल्या नॅट या छोट्या लढाऊ विमानाचा प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) आणि हिरवं-तपकिरी कॅमोफ्लाज संक्रांतीच्या सुमाराला झालं. आता उरलंय ते मला सगळ्यात प्रिय काम: विमान माणसांनी वापरलेलं दिसलं पाहिजे. त्यासाठी ऑइल कलर लागतात, आणि थंडीत दिवसेंदिवस ओले राहणारे हे रंग नवतप्यात लवकर धरतात. तेव्हा उन्हाला नावं ठेवायची नाहीत.

मंगळवार, २६ मे

पुन्हा नॅटच का, असं हिने विचारलं. कपाटात आधीची आहेतच.

मला हे विमान मनापासून आवडतं, हे पहिलं उत्तर. खरं नॅट लांबीला पावणेनऊ मीटर, पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेसात मीटर. १/७२ मध्ये ते बारा सेंटीमीटरचं होतं आणि तळहातावर मावतं. टेडी पेटर या इंग्रज डिझायनरने ते फॉलंड कंपनीसाठी काढलं. लढाऊ विमानं जड आणि महाग होत चाललीत, छोटं आणि हलकं विमानही लढू शकतं, हा त्याचा हट्ट. ब्रिटनच्या हवाई दलाने त्याचं दोन आसनी रूप प्रशिक्षणासाठी घेतलं. लढाईसाठी त्याच्यावर खरा विश्वास टाकला तो भारताने. बंगळुरूला हिंदुस्तान एरोनॉटिक्सने ते इथेच बनवलं, आणि १९६५ च्या युद्धानंतर त्याला ‘सेबर स्लेयर’, म्हणजे पाकिस्तानच्या सेबर विमानांचा कर्दनकाळ, हे नाव पडलं.

त्यामुळे किटची, म्हणजे मॉडेलच्या सुट्या भागांच्या संचाची, पंचाईत होते. सहज मिळतं ते दोन आसनी नॅटचं, रेड ॲरोज या ब्रिटिश हवाई कसरतींच्या पथकाच्या लाल रंगातलं. त्याचे पंखच मोठे आहेत. पुढची सीट बुजवून त्याचं भारतीय लढाऊ विमान होत नाही, पंखांपासून बदलावं लागतं. एक आसनी नॅटचं किट मिळालं की मी ते सोडत नाही, यामागे एवढं साधं कारण आहे.

१९६५ ला नॅट उघड्या धातूसारखं चकचकीत होतं. १९७१ पर्यंत त्याच्यावर हिरवा-तपकिरी कॅमोफ्लाज चढला. म्हणजे ‘भारतीय नॅट’ असं नुसतं म्हणून भागत नाही, कोणत्या सालचं ते आधी ठरवावं लागतं. माझं १९७१ च्या हिवाळ्यातलं आहे. २२ नोव्हेंबरला बोयराच्या आकाशात चार नॅटनी सेबर विमानांना गाठलं, तेव्हा युद्ध जाहीरही झालेलं नव्हतं. आणि १४ डिसेंबरला श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांनी नॅट वर काढलं आणि ते एकटे सेबरांच्या टोळीशी लढले. हवाई दलाला मिळालेलं परमवीर चक्र आजवर एकच, ते त्यांचं. हे माहीत असताना त्या विमानाचा रंग अंदाजपंचे मारायला हात धजत नाही.

आज पंखांवरचे हवाई दलाच्या खुणेचे गोल लावले. बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. किटमधल्या डेकलचा (पाण्याने सरकवून चिकटवायच्या पातळ चित्राचा) केशरी बहुतेक वेळा नारिंगीकडे किंवा लालकडे झुकतो, म्हणून मी गोल वेगळे मागवून ठेवतो. खाली ग्लॉसचा थर असल्याशिवाय डेकल लावायचं नाही. मॅट रंग सूक्ष्म खडबडीत असतो, त्या खळग्यांत हवा अडकते आणि डेकलच्या पारदर्शक भागाखाली चंदेरी चमक दिसते. कोमट पाणी, डेकल सरकवलं, वरून ते मऊ करणारं सॉफ्टनर. पाच मिनिटं ते सुरकुततं आणि नव्या माणसाचा जीव खाली-वर होतो. तेव्हा हात लावायचा नाही. सुकताना ते आपोआप ताणलं जातं आणि पॅनलच्या रेषेत उतरतं. डाव्या पंखावर ती रेषा केशरी-पांढऱ्याला कापत गेलेली दिसली आणि फार बरं वाटलं.

गुरुवार, २८ मे

आज काका आले होते.

आमच्या मागच्या गल्लीत राहतात. हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचे मेकॅनिक होते, १९७२ नंतरची भरती. युद्ध त्यांनी पाहिलेलं नाही, पण युद्धातून आलेल्या विमानांना त्यांचे हात लागलेत. मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्याच वायुसेना नगरात आहे, त्यामुळे अशी माणसं या शहरात बरीच आहेत. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ हे लढाऊ विमान निवृत्त झालं, तो सोहळा त्यांनी टीव्हीवर पाहिला. त्यानंतर एका संध्याकाळी ते माझी मॉडेलं बघायला आले आणि तेव्हापासून येत असतात.

नॅटचं पोट मी त्यांच्यासाठी कोरं ठेवलं होतं. जुन्या फोटोंत विमान बाजूने दिसतं, समोरून दिसतं. खालून फोटो कोण काढतो? पोट माहीत असतं ते त्याच्याखाली झोपून काम केलेल्या माणसालाच.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, भिंग घेतलं आणि विमान उताणं केलं.

“हायड्रॉलिकचं तेल इथून गळे,” ते म्हणाले. “पण डाग दोन तऱ्हेचे असतात, लक्षात ठेव. उभ्या विमानातून गळलं तर सरळ खाली येते. उडताना गळलं तर हवा मागे ओढून नेते, शेपटीकडे पातळ होत जाते. तू सगळे एकाच दिशेने ओढशील तर खोटं दिसेल.”

मी वहीत लिहून घेत होतो.

“आणि काऊन रे, सगळ्याच पॅनलच्या कडा उडवणार आहेस का?”

“नाही काका. कोणत्या उडवू?”

“जे रोज उघडते त्याच्या. जे वर्षातून एकदा उघडते त्याचा रंग शाबूत राहते. स्क्रूड्रायव्हर जिथे रोज लागते तिथेच पत्रा उघडा पडते.”

मग त्यांनी हवा घेणाऱ्या दोन्ही तोंडांच्या बाहेरच्या बाजूंवर बोट ठेवलं. नॅटच्या ३० मिलिमीटरच्या दोन एडन तोफा तिथे असतात. त्या तोफा लढाईत अडकायच्या, हे मी वाचलं होतं. पण अडकणारी तोफ म्हणजे पुन्हा पुन्हा उघडलं जाणारं पॅनल, हा धागा मला आजवर कुठल्याही पुस्तकाने जोडून दिला नव्हता. वैमानिकाची अडचण म्हणून वाचलेली गोष्ट पत्र्यावर कुठे आणि कशी उमटते, हे काकांनी एका बोटाने दाखवलं.

ते गेल्यावर चंदेरी पेन्सिलीला टोक काढलं आणि भिंगाखाली फक्त त्या पॅनलच्या कडांवर काम केलं. एकेक स्क्रूचं डोकं, त्याभोवती केसाएवढी चमक, पॅनलच्या खालच्या कोपऱ्यात जरा जास्त, कारण उघडताना बोटं तिथे घालतात. तोफेच्या तोंडामागे काजळी, मागे फिकट होत गेलेली. चाकांची दारंही मळवली. नॅटमध्ये वेगळा एअरब्रेक नव्हता, चाकं अर्धवट खाली सोडून वेग कमी करायचे, त्यामुळे ती दारं आकाशातही कामाला लागायची. शेजारचं, फारसं न उघडणारं पॅनल तसंच स्वच्छ सोडलं. आता दोन्ही शेजारी-शेजारी बघितली की खऱ्याचा भास होतो, आणि तो त्या स्वच्छ पॅनलमुळे होतो.

हल्ली मॉडेल जितकं मळकं तितकं ते भारी, असा समज झालाय. मला तो पटत नाही. प्रत्येक डागामागे एक माणूस किंवा एक कारण सांगता आलं पाहिजे. नाही सांगता आलं तर तो डाग पुसून टाकावा.

शुक्रवार, २९ मे

हाच विचार टँकच्या चिखलाबद्दल. शेल्फवर १/३५ चा सेंच्युरियन टँक अर्धा पडलाय. १६ डिसेंबर १९७१, बसंतर नदीकाठची लढाई, पूना हॉर्स ही रणगाडा रेजिमेंट, सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. त्यांच्या टँकचं नाव ‘फामागुस्ता’. अहिल्यानगरचं टँक म्युझियम मी पाहिलंय, आणि खऱ्या सेंच्युरियनच्या उंचीला मान वर करून पाहिल्यापासून किटमधले त्याचे बाजूचे पत्रे मला फार जाड वाटतात.

अनेकजण अंगणातली माती चाळून रंगात कालवतात आणि चाकांना लावतात. युक्ती चांगली आहे, पण विदर्भाची काळी माती तिथे चालणार नाही. आपली माती ओली झाली की जवळजवळ काळी दिसते आणि ढेकळं धरून बसते. बसंतरकडची नद्यांनी आणलेली गाळाची माती फिकी, करडी-तपकिरी, बारीक. काळ्या मातीने बरबटलेला टँक कोराडी रोडवर फसलेला वाटेल. म्हणून फिकी पिगमेंट (रंगाची भुकटी) इतवारीतून आणलेल्या बारीक वाळूत मिसळून नमुने केलेत. ते वाळल्यावर रंग उतरतो, तेव्हा निवड उद्याच्या उजेडात.

रविवार, ३१ मे

काका सकाळीच आले, ऊन चढायच्या आत. पोट बघितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग शेपटीकडच्या एका डागावर नख ठेवून म्हणाले, “हा जमला.” एवढ्यावर मी खूश.

मग त्यांनी विचारलं, “आता यात पायलट बसवशील नं?”

हो म्हणालो. किटमध्ये वैमानिक आहे, त्याचं हेल्मेट रंगवून ठेवलंय.

“आणि फिटर कुठं आहे?”

त्यांनी मग उभं राहून दाखवलं. वैमानिक आत बसला की त्याच्या मागोमाग शिडीवर चढायचं, खांद्यावरून पट्टे पुढे द्यायचे, ओढून बघायचे, सीटची पिन काढून त्याला दाखवायची आणि उतरायचं. “उडायच्या आधी शेवटचा हात आमचा लागे,” ते म्हणाले. हे सांगताना त्यांचा उजवा हात हवेतल्या पट्ट्याला खरोखर ओढ देत होता.

मी आजवर केलेल्या विमानांत वैमानिक आहेत किंवा कुणीच नाही. बाजारातही तसंच आहे. १/७२ चे ग्राउंड क्रू मिळतात ते दुसऱ्या महायुद्धातले इंग्रज, नाहीतर अमेरिकन. डांगरी घातलेला भारतीय एअरमन कुणी काढलेला मला मिळालेला नाही. तेव्हा तो घरीच करायचा. माणूस १/७२ मध्ये सव्वादोन-अडीच सेंटीमीटरचा. एका इंग्रज मेकॅनिकची टोपी तासली, कोटाची कड कापून टाकली, हात खांद्यातून सोडवून पुटीने पुन्हा बसवले: डावा शिडीच्या दांडीवर, उजवा पुढे वाकलेला, काकांनी दाखवला तसा. मनगट अजून जाड वाटतंय. वाळलं की घासून घेईन.

त्यासाठी कॅनॉपी, म्हणजे वैमानिकावरचं पारदर्शक झाकण, उघडी लागणार. ती बंद बसवली होती, पण फेव्हिकॉलने. पारदर्शक भागाला सुपरग्लू लावला की त्याच्या वाफेने काच धुरकट होते, म्हणून तिथे मी तो वापरतच नाही. कोमट पाण्याचा ब्रश कडेने फिरवला आणि ती अख्खी सुटून आली. आतली सीट, पट्टे, काळं डॅशबोर्ड, सगळं आता दिसतंय. पट्टे रंगवलेले आहेत. फिटरच्या हातात द्यायचे तर ते खरे हवेत. दारूच्या बाटलीच्या बुचावरची शिशासारखी मऊ पन्नी एका मित्राकडून मागवलीय. ती लाटून पातळ केली की पाऊण मिलिमीटरच्या पट्ट्या निघतात आणि वाकवल्या तशा राहतात.

उद्या पहाटे मॅट वार्निश, कूलर बंद करून. मग शिडी. स्प्रू, म्हणजे किटचे भाग जोडून ठेवणारी प्लास्टिकची काडी, मेणबत्तीवर तापवून ओढला की हव्या त्या जाडीचा दांडा मिळतो. काकांनी पायऱ्यांमधलं अंतर आपल्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंत हात लावून दाखवलं होतं, ते मी टेपने मोजून घेतलंय. बहात्तरने भागून वहीत लिहून ठेवलं.