ती स्टारवाली ओळ

मंगळवार, रात्री पावणेबारा

आज दिवसभरात एक ओळही नवीन फीचरची लिहिली नाही. संध्याकाळच्या कॉलवर "आज काय केलंस?" विचारलं तेव्हा म्हटलं, "कुठल्या पॅकेजला टाइप्स आहेत नि कुठल्याला नाहीत ते बघितलं." दोघं हसले. हसू देत. पॅकेज म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला, आपण उचलून वापरतो तो कोड. टाइप्स म्हणजे त्याला काय द्यायचं नि त्यातून काय मिळतं याचं वर्णन. टाइपस्क्रिप्ट ते वाचतं आणि चूक दिसली की लाल रेघ मारतं.

सुरुवात क्षुल्लक होती. टीममधल्या नवीन मुलीने इम्पोर्टमध्ये पॅकेजच्या नावातलं एक अक्षर गाळलं आणि टाइपस्क्रिप्टने चकार शब्द काढला नाही. बिल्ड फुटला तो थेट बंडलरपाशी, म्हणजे सगळा कोड एकत्र बांधणाऱ्या टूलपाशी. "ताई, लाल रेघ यायला नको होती का?" हो, यायलाच हवी होती. शोधता शोधता एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये फाइल सापडली, आत एकच ओळ: डिक्लेअर मॉड्यूल, पुढे अवतरणचिन्हांत नुसता स्टार. म्हणजे ज्या मॉड्यूलचे टाइप्स मिळणार नाहीत, मग ते मॉड्यूल अस्तित्वात असो वा नसो, त्याला 'एनी', म्हणजे काहीही चालेल, समजायचं आणि गप्प बसायचं. गिट ब्लेम मारलं, म्हणजे ती ओळ कुणी घातली ते बघितलं. नाव माझंच. दोन वर्षांपूर्वीचा शुक्रवार, रात्री साडेनऊ. बदलासोबतची नोंद, म्हणजे कमिट मेसेज: 'टेम्प', तात्पुरतं.

मी पटकन स्क्रोल केलं, पण तिने वाचलं होतं.

ओळ काढल्याबरोबर २३ एरर. एक त्या चुकलेल्या नावाची, बाकी सगळ्या ७०१६ नंबरच्या. डिक्लरेशन फाइल (जिच्यात टाइप्स असतात ती) सापडत नाही, ॲट टाइप्सवालं, म्हणजे नुसत्या टाइप्सचं वेगळं पॅकेज टाकून बघा, 'असेल तर'. हे 'असेल तर' कंपायलरच्या मेसेजमध्येच आहे. रेशन दुकानदाराची आठवण होते.

एरर २२, पण पॅकेजेस ११च. तीच ती ठिकठिकाणी इम्पोर्ट केलेली. पाचांचं काम सोपं. लोडॅश किंवा एक्सप्रेससारखी पॅकेजेस स्वतःबरोबर टाइप्स देत नाहीत, ते वेगळे टाकावे लागतात. पॅकेजेस जिथून मिळतात त्या एनपीएमच्या साइटवर नावाशेजारी 'टीएस' दिसलं तर टाइप्स आतच आहेत, 'डीटी' दिसलं तर बाहेरून आणायचे. तिने विचारलं, हे बाहेरचे लिहितं कोण? लोकच लिहितात. डेफिनिटलीटाइप्ड नावाची गिटहबवर रिपॉझिटरी आहे, २०१२ पासूनची, टाइपस्क्रिप्ट बाहेर आलं त्याच वर्षीची. तिथे कुणीतरी मोकळ्या वेळात दुसऱ्याच्या लायब्ररीचं वर्णन लिहून ठेवतं आणि आपण ते एनपीएमवरून उचलतो. २०१६ मध्ये टाइपस्क्रिप्ट २.० आलं तेव्हापासून हे एवढं सरळ झालं. त्याआधी 'टायपिंग्ज' नावाचं वेगळंच टूल चालवावं लागायचं. हे सांगताना मला एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटलं.

उलटाही माल निघाला. डॉटएन्व्ह कधीपासून स्वतःचे टाइप्स देतं, तरी आमच्या पॅकेज डॉट जेसनमध्ये, म्हणजे पॅकेजेसची यादी असते त्या फाइलमध्ये, त्याचं ॲट टाइप्सवालं पॅकेज बसून होतं. आत काही नाही, 'मूळ पॅकेजमध्येच टाइप्स आहेत' एवढी चिठ्ठी. काढून टाकलं.

मग अवघड मंडळी. एका पॅकेजच्या पॅकेज डॉट जेसनमध्ये 'टाइप्स' फील्ड व्यवस्थित भरलेलं: डिस्ट फोल्डरमधली इंडेक्स डॉट डी डॉट टीएस, म्हणजे डिक्लरेशन फाइल. पॅकेजेस उतरतात त्या नोड मॉड्यूल्स फोल्डरमध्ये जाऊन डिस्ट उघडलं तर नुसत्या जेएस फाइली. पब्लिश करताना ती फाइल आत घालायचीच राहिली होती. पाटी लावलेली, गाळा रिकामा. मी इतकी वर्षं फक्त फील्ड बघून 'आहेत टाइप्स' म्हणत आलेय. आणि फील्ड नसलं म्हणजे टाइप्स नाहीत असंही नाही. मुख्य फाइलच्या शेजारी त्याच नावाची डी डॉट टीएस असली तरी चालतं. दुसऱ्या एका पॅकेजमध्ये फाइल होती, पण 'एक्स्पोर्ट्स'मध्ये, म्हणजे बाहेरच्यांना काय घेता येईल त्या यादीत, तिचा उल्लेख नव्हता. कंपायलर सांगत होता, टाइप्स मला दिसताहेत, पण या रस्त्याने तिथपर्यंत जाता येत नाही. नवीन व्हर्जन घेतल्यावर सुटलं.

खरा घाम फोडला तो त्या 'सोप्या' पाचांपैकीच एकाने. आम्ही लायब्ररीचं व्हर्जन ४ वापरतो. तिने टाइप्स टाकताना व्हर्जन दिलं नाही, त्यामुळे ताजे, म्हणजे ५ चे आले. ॲट टाइप्सच्या व्हर्जनमधले पहिले दोन आकडे लायब्ररीच्या व्हर्जनशी जुळवून दिलेले असतात, फक्त तिसरा आकडा त्यांचा स्वतःचा. जुळताहेत की नाही हे आपणच बघायचं. एररी गेल्या, सगळं हिरवं. ऑटोकम्प्लीटने एक छान ऑप्शन सुचवला, तिने तो भरला, आणि चालवल्यावर काहीच होईना. आमच्या ४ ला तो ऑप्शन माहीतच नव्हता. कुठे लाल रेघ नाही, कन्सोलमध्ये अवाक्षर नाही. पाऊण तास आम्ही आमच्याच कोडवर संशय घेत बसलो. टाइप्स नसते तर निदान डॉक्युमेंटेशन उघडलं असतं. होते म्हणून कुणी उघडलं नाही.

उरली चार, ज्यांना कुठेच काही नाही. तिघांसाठी डिक्लेअर मॉड्यूलची एकेक ओळ लिहिली, या वेळी प्रत्येकाचं नाव घालून. चौथं बिलाच्या प्रिंटरचं. त्यातली दोनच फंक्शन्स आम्ही वापरतो, म्हटलं तेवढ्यांचे टाइप्स हातानेच लिहू. कॉलबॅकला, म्हणजे काम संपल्यावर ते पॅकेज हाक मारतं त्या आमच्या फंक्शनला, काय मिळतं ते कळायला मूळ कोड उघडला. काम झालं तर स्ट्रिंग (मजकूर), फसलं तर नल (काहीच नाही). आणि एका कोपऱ्यात, कागद संपला की, फॉल्स.

आमचा कोड फक्त नल तपासतो. त्या फॉल्सचं उद्या सकाळी बघू.